डॅशबोर्डवरचा बाणवाला मीटर: आधी पिवळा, मग हिरवा. याचा अर्थ काय?

पळसफुले | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गाडी चालवायला शिकून मला आठच महिने झालेत, त्यामुळे प्रश्न अगदी पहिलीतला वाटला तरी समजून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही जुनी गाडी घेतली. २०१९ची, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. काल बाबांना घेऊन वर्ध्याहून जालन्याला मामाकडे निघाले. समृद्धीवर मी पहिल्यांदाच गाडी घातली. कारंजा लाड मागे पडल्यावर गाण्याचा आवाज कमी करायला स्टिअरिंगवर अंगठा फिरवला आणि बहुतेक भलतंच बटण दाबलं गेलं. वेगाच्या काट्याखाली एक पिवळं चित्र उजळलं. अर्धगोल मीटर, त्यात काटा, आणि मीटरच्या कडेला बाहेरून टेकलेला एक छोटा बाण.

बाबा लगेच म्हणाले, "पोरी, गाडी काहीतरी सांगून राहिली, बाजूले घे." समृद्धीवर मध्येच थांबायचं नसतं एवढं मला माहीत होतं, म्हणून पुढच्या इंटरचेंजपर्यंत तशीच गेले. जाताना तो दिवा घालवायला शेजारची बटणं दाबून बघितली. त्यातलं 'सेट' लिहिलेलं दाबल्यावर चित्र हिरवं झालं. बरं वाटलं. पण मग पुढे ट्रक दिसला म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर गाडी मंदावेचना! पोटात गोळा आला. ब्रेक दाबला तेव्हा हिरवा जाऊन परत पिवळा आला आणि गाडी हातात आली.

माझे प्रश्न: हा क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न लावता गाडी एका वेगावर ठेवणारी सोय, आहे असं मामेभाऊ म्हणतो, ते बरोबर का? पिवळा म्हणजे बिघाड का? आणि ब्रेक दाबल्यावर तो पूर्ण विझला का नाही? गाडीबरोबर मिळालेल्या कागदांत माहितीपुस्तिका नाही.


घाटवळण | रविवार, रात्री ९:३२

मामेभाऊ बरोबर आहे, तो क्रूझच. तुम्ही ब्रेक दाबलात ते अगदी योग्य केलंत. घाबरण्यासारखं काही नाही. सविस्तर उद्या लिहितो, तोवर इथले जाणकार येतीलच.


तारजोड | रविवार, रात्री १०:०५

ताई, मी बावीस वर्षं नाशकात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. हा प्रश्न घेऊन महिन्यातून एखादं गिऱ्हाईक येतंच, तेव्हा पहिलीतला वगैरे मनात आणू नका. तुमच्या बाबांना पिवळं बघून शंका आली यात त्यांची काही चूक नाही. दिव्यांचे रंग उगाच ठरवलेले नसतात. लाल म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे एखादी यंत्रणा चालू आहे, आणि निळा बहुतेक करून अप्परचा. त्या हिशेबाने पिवळा दिसला की माणूस दचकणारच.

गोंधळ होतो तो क्रूझ दोन टप्प्यांत चालू होतो म्हणून. तुम्ही मुख्य बटण दाबलंत तेव्हा यंत्रणा फक्त जागी झाली. गाडी अजून पूर्णपणे तुमच्याच पायावर होती. 'सेट' दाबलंत तेव्हा त्या क्षणी काटा जिथे होता तो वेग तिने धरला. ब्रेक दाबल्यावर धरलेला वेग सुटला, पण यंत्रणा जागीच राहिली. म्हणून दिवा विझला नाही, नुसता मागच्या टप्प्यावर आला. ती मुख्य बटणानेच झोपते.

हे दोन टप्पे कसे दाखवायचे, ते मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरवलंय. बऱ्याच गाड्यांत जागी असताना पांढरा किंवा राखाडी आणि वेग धरला की हिरवा. काहींत आधी पिवळा, मग हिरवा, तुमच्यासारखं. काही गाड्यांत चित्राऐवजी शब्द येतात: आधी 'क्रूझ', मग त्याच्या जोडीला 'सेट'. होंडाच्या जुन्या गाड्यांत दोन वेगळे दिवे असत, 'क्रूझ मेन' आणि 'क्रूझ कंट्रोल', आणि दोन्ही हिरवेच. तिथे नुसता हिरवा बघून भागत नाही, कुठला हिरवा ते वाचावं लागतं. उलट, होंडाच्याच नव्या रडारवाल्या, म्हणजे पुढच्या गाडीचं अंतर ओळखणाऱ्या, गाड्यांत या दिव्याचा पिवळा रंग म्हणजे यंत्रणेत खरोखर अडचण आहे.

त्यामुळे पिवळा चांगला की वाईट हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट करायला सांगतो. मुख्य बटण दाबा. दिवा बटणाचं ऐकतो का बघा. दाबलं की लागला, परत दाबलं की विझला, तर तो नुसता 'मी जागा आहे' म्हणतोय. बटणाला दाद देत नसेल किंवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी दाखवून घ्या.


पळसफुले | रविवार, रात्री १०:२१

दादा, खूप आभार. आत्ताच खाली जाऊन किल्ली फिरवून बघितलं. बटणाचं ऐकतो. बाबांना सांगितलं, त्यांचा जीव भांड्यात पडला.

अजून एक. तो पिवळा तसाच लावून ठेवला तर पेट्रोल जास्त जातं का? परत परत बटण शोधण्यापेक्षा कायमचा चालू ठेवावा म्हणते.


घाटवळण | सोमवार, सकाळी ८:४५

पेट्रोलचा काही संबंध नाही. पण कायमचा चालू ठेवू नका, आणि हे मी अनुभवातून सांगतोय.

स्टिअरिंगवर 'रेस' असं एक बटण असेल, बहुधा अधिक चिन्हाच्या जोडीला. ते 'रिझ्यूम'चं लघुरूप, म्हणजे मघाचा वेग परत धर. ब्रेक दाबल्यावर क्रूझ सुटतो, पण शेवटचा धरलेला आकडा गाडीच्या लक्षात राहतो. मागच्या वर्षी मी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून येत होतो. सपाटीवर १०० धरला होता. टोलनाक्यापाशी ब्रेक दाबला, पैसे कापले गेले, बाहेर पडून साधारण ५० वर आलो. पुढे नाक्यातून सुटलेल्या गाड्यांची एकच गर्दी. मला वेग थोडासाच वाढवायचा होता. अधिक चिन्ह दिसलं म्हणून अंगठ्याने दाबलं. गाडीने थेट १०० गाठायला उसळी घेतली. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती, ती दचकून उठली. ब्रेक वेळेत लागला.

चूक गाडीची नव्हती. दिवा पांढरा होता, म्हणजे यंत्रणा जागी होती आणि तिच्या लक्षात १०० होते. मी दिव्याकडे बघितलंच नव्हतं. मुख्य बटणाने बंद केलं किंवा किल्ली काढली की तो आकडा पुसला जातो. तेव्हापासून टोलनाका दिसला की आधी क्रूझ पूर्ण बंद करतो आणि दिवा विझलेला डोळ्यांनी बघतो.


चिंचवडकर_सायली | सोमवार, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली. माझ्याही गाडीत हे आहे आणि तीन वर्षांत मी कधी हात लावलेला नाही.


अबोली_म्हापसा | सोमवार, दुपारी १:१५

पळसफुले, तुमच्यासारखीच माझीही गाडी हाताने गिअरची. क्लच दाबला तर क्रूझचं काय होतं? आणि पावसात लावायचा का? आमच्याकडे चार महिने रस्ता ओलाच असतो.


तारजोड | सोमवार, दुपारी २:४०

क्लच दाबला की बहुतेक गाड्यांत क्रूझ सुटतो, ब्रेकसारखाच. काही कंपन्यांनी गिअर बदलण्यापुरती सवलत दिलीय, तिथे क्लच सोडल्यावर वेग परत धरला जातो. तुमच्या गाडीचं बघायचं तर मोकळ्या रस्त्यावर ६० धरा, हलकेच क्लच दाबा आणि दिव्याचा रंग बघा. ४०च्या खाली मात्र बहुतेक गाड्या धरतच नाहीत, काही ३०पासून धरतात. त्यामुळे गल्लीत 'सेट' दाबून हिरवा आला नाही म्हणून गाडी बिघडली असं समजू नका.

चढावर एक लक्षात ठेवा. हातगिअरच्या गाडीत क्रूझ तुमच्यासाठी गिअर उतरवणार नाही. तो नुसता थ्रॉटल उघडत राहतो. इंजिन धपापायला लागतं, वेग पडत जातो, आणि धरलेल्या आकड्यापेक्षा फार खाली गेला तर बऱ्याच गाड्या आपणहून क्रूझ सोडतात. तेव्हा हिरवा विझतो आणि लोक विचारतात, "मी तर ब्रेक लावलाच नाही, मग गेला कसा?" उतारावर उलटं. साध्या क्रूझला ब्रेक मारता येत नाही. खंडाळ्याच्या उतारावर ६० धरून ठेवलेत तरी गाडी ६५-७०ला जाईल आणि दिवा हिरवाच राहील. हिरवा म्हणजे गाडी त्या वेगाच्या पुढे जाणार नाही असं नव्हे. घाटात क्रूझ बंद आणि गिअर खालचा.

पावसाचं सांगतो. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर लावू नका. पाण्याच्या थरावर चाक तरंगलं की पकड जाते. अशा वेळी पाय आपसूक सैल पडायला हवा, आणि तो तर मोकळा बसलेला असतो. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत चाक घसरल्याचं कळताच क्रूझ सुटतो. तेव्हा हिरवा जाऊन घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकताना दिसेल. तो दिवा दिसला की त्या दिवसापुरता क्रूझ विसरून जा.


अबोली_म्हापसा | सोमवार, दुपारी ३:०२

देव बरें करूं. उताराचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.


माळरान | सोमवार, सायंकाळी ६:५०

अगदी याच चित्रासारखा दिसणारा दुसरा एक दिवा असतो, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तो वेगमर्यादकाचा. काही गाड्यांत त्याच्यापाशी 'लिम' अशी अक्षरं येतात, काहींत तोच मीटर, पण बाणाची जागा थोडी वेगळी. तोही हिरवाच होतो. क्रूझ गाडीला ठरलेल्या वेगावर चालवत ठेवतो. मर्यादक चालवत नाही, फक्त ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ देत नाही. पाय तुमचाच लागतो.

माझ्या गाडीत दोन्हींचं बटण एकच आहे, एकदा दाबलं की क्रूझ, परत दाबलं की मर्यादक. मला हे माहीत नव्हतं. सोलापूरहून येताना दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला निघालो. ८०पर्यंत गाडी छान आली आणि तिथेच अडली. पाय दाबतोय, गाडी पुढे जात नाही, समोरून टेम्पो येतोय. मागे हटून परत ट्रॅक्टरच्या मागे आलो. हात थरथरत होते. मी समजलो, इंजिनात काहीतरी झालं.

नंतर कळलं की ॲक्सिलरेटर अगदी तळापर्यंत जोरात दाबला असता तर मर्यादकाने वाट सोडली असती, बहुतेक गाड्यांत तशी सोय असते. पण त्या क्षणी हे कोणाला आठवणार? ओव्हरटेकला निघण्याआधी डॅशबोर्डवर 'लिम' नाही ना, हे मी आता बघतो.

आणि हो, १ जुलै २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना ८०च्या वर मधूनमधून आणि १२०च्या वर सलग टूं-टूं वाजतं. सरकारी नियमच आहे तो, क्रूझचा बिघाड नाही. पळसफुले यांची गाडी २०१९ची आहे, म्हणजे वाजेलही किंवा नाहीही.


पळसफुले | सोमवार, रात्री ८:०४

वाजतं! बाबा म्हणत होते सीटबेल्टचं आहे.


हूझियर_मराठी | मंगळवार, पहाटे ५:२०

इंडियानातून लिहितोय, इथे अजून सोमवारची संध्याकाळ आहे. क्रूझचा विषय निघाला म्हणून एक सांगावंसं वाटलं, कारण ज्याने हे यंत्र शोधलं तो आमच्या राज्यातला होता, आणि त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते.

राल्फ टीटर त्याचं नाव. जन्म १८९०चा, गाव हेगर्सटाउन. पाच वर्षांचा असताना चाकू लागून एका डोळ्याला जखम झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरी तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि नंतर पिस्टन रिंगा बनवणाऱ्या परफेक्ट सर्कल कंपनीचा अध्यक्ष झाला. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. शेजारी बसलेल्या टीटरला काही दिसत नव्हतं, पण ते धक्के अंगाला जाणवायचे. त्यातून त्याला एका वेगावर गाडी ठेवणारं यंत्र सुचलं. १९५० साली पेटंट मिळालं आणि १९५८च्या क्रायस्लर गाड्यांत ते 'ऑटो-पायलट' या नावाने आलं. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव कॅडिलॅकने दिलं. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हा हे बटण घराघरात पोचलं.

एका जागी बसून धक्के मोजणाऱ्या आंधळ्या माणसाने हे केलं. मी रोज ऑफिसला जाताना तो हिरवा दिवा बघतो तेव्हा हे मनात येतं.

आता कामाचं. माझ्या आधीच्या गाडीत एका सकाळी इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि त्याबरोबर क्रूझचा दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं दोन बिघाड झाले. होता एकच. आदल्या रात्री पेट्रोल भरून टाकीचं झाकण नीट फिरवलं नव्हतं. इंजिनाच्या संगणकाला कुठेही खोट दिसली की कित्येक गाड्या खबरदारी म्हणून क्रूझ बंद ठेवतात. झाकण घट्ट केलं, काही दिवसांनी इंजिनाचा दिवा विझला आणि क्रूझही परत आला. म्हणून क्रूझ लुकलुकत असेल तर आधी बाजूला दुसरा कुठला दिवा आहे ते बघा.


कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१०

सुंदर माहिती दिलीत. टीटर यांच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

माझी गाडी रडारवाली आहे. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही७०० आणि एमजीची ॲस्टर आल्या, तेव्हापासून आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांत हा प्रकार दिसायला लागला. यात दिव्याचं चित्रच वेगळं असतं: समोर एक छोटी गाडी आणि तिच्या मागे अंतर दाखवणाऱ्या आडव्या रेघा. पुढे गाडी सापडली की चित्रातली गाडी ठळक होते. ती हळू झाली की आपलीही हळू होते, इथे क्रूझला ब्रेक मारता येतो. रेघा कमी-जास्त करून अंतर ठरवायचं. मी कायम सगळ्या रेघा ठेवतो.

दसऱ्याला एक गंमत झाली. सकाळी गाडी धुतली, पूजा केली, आईने झेंडूचा भला मोठा हार घातला, आपट्याची पानं खोवली. संध्याकाळी सांगलीहून कोल्हापूरला सोनं द्यायला निघालो. हायवेला लागून बटण दाबलं तर चित्र पिवळं आणि खाली सूचना, पुढचा सेन्सर झाकला गेलाय. उतरून बघितलं, तर बोनेटवरून ओघळलेला हार बरोबर बंपरच्या मधल्या काळ्या चौकोनावर. आईने त्यावर पाणी शिंपडलं होतं, फुलं अजून ओली होती. हार सोडवून आतल्या डॅशबोर्डवर गणपतीपुढे ठेवला. पाच मिनिटांत पिवळं गेलं.

नंतर मी वाचून काढलं. हे रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झवर चालतं, लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. ओलं पान, चिखल, बर्फ, काहीही आडवं आलं की ते आंधळं होतं. आमच्या शेताच्या वाटेचा चिखल उडून बसला की तेच. आता डिकीत ओलं फडकं असतंच. आणि पुढे लोखंडी गार्ड लावू नका, कितीही रुबाबदार दिसला तरी.


तारजोड | मंगळवार, सकाळी ११:३०

कृष्णाकाठ, गार्डचं लिहिलंत ते फार बरं केलंत. तसाच तो काळा चौकोन आरशाच्या मागेही असतो, काचेच्या आत, तो कॅमेरा. त्याच्यासमोर स्टिकर नको.


रातराणी_७७ | मंगळवार, रात्री ११:४८

मला यात थोडं लांबलचक लिहायचंय, कारण या दिव्याने कदाचित आमचा जीव वाचवला.

यंदा जानेवारीपासून आमच्या गाडीत मुख्य बटण दाबलं की 'क्रूझ' यायचं, पण 'सेट' काही यायचं नाही. ७० असो, ९० असो. नवरा म्हणाला, क्रूझ नाही तर नाही, काय बिघडलं? एका वर्कशॉपमध्ये दाखवलं, त्यांनी स्टिअरिंगमधली गुंडाळी वायर गेली असेल असं सांगून मोठा खर्च काढला. पण हॉर्न वाजत होता, आवाजाची बटणं चालत होती, एअरबॅगचा दिवाही नव्हता. तीच वायर गेली असती तर हेही बिघडलं असतं ना? म्हणून मी थांबले.

मग एका रात्री वॉचमन बेल वाजवून सांगायला आले, "ताई, तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे चालूच आहेत." गाडी बंद, किल्ली घरात, आणि ब्रेकचे दिवे लख्ख. खाली जाऊन पायाशी मोबाईलचा उजेड टाकला. पायपुसणीवर पिवळसर प्लॅस्टिकचा भुगा पडलेला होता, हातात घेतला तर बिस्किटासारखा चुरला. ब्रेकच्या पेडलला वरच्या बाजूला एक छोटं भोक असतं आणि त्यात प्लॅस्टिकची टिकली. पाय काढल्यावर पेडल वर येतं तेव्हा ती टिकली स्विचची दांडी आत दाबते. आमची टिकली जुनी होऊन चुरा झाली होती. दांडी भोकातून आरपार जात होती, आणि गाडीला वाटत होतं की ब्रेक सतत दाबलेला आहे. ब्रेक दाबलेला असताना क्रूझ कसा लागणार?

म्हणजे कित्येक दिवस आम्ही रस्त्यावर ब्रेकचे दिवे लावूनच फिरत असणार. मी खरंच ब्रेक दाबल्यावर मागच्याला काहीच वेगळं दिसत नव्हतं. माझी मुलं मागच्या सीटवर बसतात. हे लक्षात आलं तेव्हा मी तिथेच पार्किंगमध्ये खाली बसले.

टिकली बसवायला दहा मिनिटं लागली, आणि त्या टिकलीची किंमत एका वडापावाइतकी. दुसऱ्या दिवशी 'सेट' लगेच आलं.


तारजोड | बुधवार, सकाळी ७:५५

रातराणीताई, हे तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून धन्यवाद. प्रत्येकाने वाचावं असं आहे.

जरा भर घालतो. ब्रेकच्या स्विचात बहुतेक गाड्यांत दोन संपर्क असतात. पेडल दाबलं की एक जुळतो आणि दुसरा सुटतो. इंजिनाचा संगणक दोघांची साक्ष ताडून बघतो, आणि ती जुळली नाही की क्रूझ द्यायला नकार देतो. त्यामुळे स्विच मरायला टेकला की पुष्कळदा पहिली तक्रार 'क्रूझ लागत नाही' अशीच येते, दिव्यांची तक्रार मागाहून. माझ्याकडे क्रूझ लागत नाही म्हणून गाडी आली की मी आधी गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि मालकाला ब्रेक दाबायला सांगतो.

एकटे असाल तर रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा. ब्रेक दाबा, सोडा, आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. दोन्हीकडे सारखा यायला हवा आणि पाय काढताच जायला हवा.


लालपरी_निवृत्त | बुधवार, दुपारी १२:२५

मी एस.टी.त एकतीस वर्षं चालक होतो. आमच्या गाड्यांत असलं काही नव्हतं. मुलाच्या गाडीत आहे, समृद्धीवर त्याच्याबरोबर जातो तेव्हा बघतो.

पळसफुले बेटा, तू नवी आहेस म्हणून सांगतो. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण. मध्ये गाव लागत नाही, चहाची टपरी नाही, गुरं आडवी येत नाहीत, सिग्नल नाही. लहान गाड्यांना १२०ची मुभा. हिरवा दिवा लागला की पायाला काम उरत नाही. पायाला काम नसलं की तासाभरात डोळे उघडे असून माणूस बघेनासा होतो. मी ज्या गाडीला टेप नव्हता त्या गाडीत कंडक्टरशी बोलत राहायचो, ते यासाठीच. क्रूझ वेग धरतो, स्टिअरिंग धरत नाही. हिरवा असताना उजवा पाय मांडी घालून बसू नये, ब्रेकच्या समोर टेकलेला ठेवावा. टाच जमिनीवर, चवडा ब्रेकपुढे. मुलाला मी हेच करायला लावतो. दीड-दोन तासांनी उतरून तोंडावर पाणी मारायचं. आणि निघायच्या आधी टायरची हवा, उन्हाळ्यात तर नक्कीच.


घाटवळण | बुधवार, दुपारी १२:४०

काका, पायाची ती जागा आजपासून लक्षात ठेवतो. दंडवत.


पळसफुले | रविवार, रात्री ८:३५

आठवडाभर काही लिहिलं नाही, कारण मला आधी सगळं करून बघायचं होतं.

बुधवारी रात्री रातराणीताईंचं वाचून झोप लागेना. बाबांना उठवलं, गाडी अंगणातल्या भिंतीला पाठ करून लावली आणि ब्रेक दाबला. भिंतीवर लाल उजेड एकाच बाजूला! डावा दिवा लागतच नव्हता. बाबा मागे जाऊन हाताने काच झाकून, उघडून बघत होते, की माझाच भास आहे. गुरुवारी बल्ब बदलून आणला. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला, त्यांनी पुस्तिकेच्या चार पानांचे फोटो पाठवले. त्यात स्पष्ट लिहिलंय: आमच्या गाडीत पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे वेग धरला.

आज परत जालन्याला निघालो. सिंदखेडराजाच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. ९०ला 'सेट' दाबलं, हिरवा आला. टाच जमिनीवर, चवडा ब्रेकसमोर, काकांनी सांगितलं तसा. पायाने ब्रेक नुसता शिवला, पिवळा आला. 'रेस' दाबलं, हिरवा. कॅन्सल दाबलं, पिवळा. मुख्य बटण दाबलं, अंधार. प्रत्येक वेळी बाबा मोठ्याने रंग वाचत होते. तिसऱ्यांदा हिरवा आला तेव्हा ते म्हणाले, "आता समजलं मले. पुढे ट्रक आहे, काढून टाक."

मी काढला. दिवा विझलेला दोघांनी बघितला.


अबोली_म्हापसा | रविवार, रात्री ९:०२

मीही आज भिंतीसमोर गाडी लावून बघितली. दोन्ही लागतात. बाबांना नमस्कार सांगा.